एकच अभ्यासक्रम वर्गातही आणि दूरस्थही: सुरुवात कुठून करावी, कुठे फसतं

प्रश्न असा आहे. वर्गात चालणारा २४ आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. आठवड्याला तीन-तीन तासांची दोन सत्रं, वर्गात ४० जण, शिकवणारे तिघं. ज्यांना येणं जमत नाही अशा साधारण ६० जणांसाठी तोच अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने सुरू करायचा आहे. शिक्षक, परीक्षा आणि प्रमाणपत्र तेच ठेवता येईल का? आणि वर्गात कॅमेरा लावला की भागेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही.

एकाच संस्थेने दोन्ही वाटांनी शिकवणं जुनं आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बाहेरच्या उमेदवारांना खुल्या केल्या, पण त्यांना शिकवायची जबाबदारी घेतली नाही. ऑस्ट्रेलियात आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठाने १९५५ पासून वेगळा रस्ता धरला: आतल्या आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना तेच प्राध्यापक, तोच अभ्यासक्रम, त्याच परीक्षा, आणि बाहेरच्यांनी काही दिवस विद्यापीठात येऊन राहायचं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने (स्थापना १९६९, पहिले विद्यार्थी १९७१) सगळी यंत्रणा दूरच्या विद्यार्थ्यासाठीच उभी केली. तीन शिक्षकांच्या संस्थेला यातली आर्मिडेलची रचना सोसते. दूरशिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढण्याइतकी माणसं तुमच्याकडे नाहीत, आणि नुसती परीक्षा घेऊन मोकळं व्हायचं असतं तर हा प्रश्न पडलाच नसता.

आता कॅमेऱ्याकडे. वर्गात शिकवणं चालू असतानाच दूरचे विद्यार्थी पडद्यावरून त्यात सामील होतात, या पद्धतीला हायफ्लेक्स म्हणतात. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतले ब्रायन बीटी यांनी ती नावारूपाला आणली. त्यांच्या मांडणीत एक अट आहे, तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: कुठल्याही वाटेने आलेल्याला तुल्य शिकायला मिळालं पाहिजे, आणि ज्याला त्या वेळी हजर राहता येत नाही त्याच्यासाठीही पूर्ण वाट तयार हवी. म्हणजे थेट प्रक्षेपण करायचं ठरवलं तरी स्वतंत्रपणे अभ्यास करता येईल असं साहित्य आधी लागतंच. ते असेल तर प्रक्षेपण ही वरची सोय. ते नसेल तर तीन तासांचा वर्ग चोरून पाहिल्यासारखा अनुभव पदरी पडतो, आणि महिन्याभरात पाहणाऱ्यांची संख्या ओसरते.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी दूरच्या विद्यार्थ्याला एकट्याने पार करता येईल असा अभ्यासक्रम बांधा. वर्गाला तो आपोआप उपयोगी पडतो. वर्गासाठी बांधलेला अभ्यासक्रम मात्र दूर पाठवला की गळतो, कारण वर्गात निम्म्या गोष्टी कागदावर नसतात. 'हे महत्त्वाचं आहे' हे आवाजावरून कळतं, 'हे सोडून दिलं तरी चालेल' हे शेजारच्याकडून कळतं, आणि आपलं चुकतंय हे शिक्षकाच्या भुवयांवरून. या तिन्ही गोष्टी दूरच्याला लिहून द्याव्या लागतात.

तासांचा हिशेब

वर्गातले तास २४ × ६ = १४४. घरचा अभ्यास तितकाच धरला तर एकूण २८८. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. त्यात वर्ग, वाचन, सराव आणि परीक्षेची तयारी असं सगळं धरतात. हीच मोजणी दोन्ही वाटांना लावा: 'किती तास बसला' याऐवजी 'किती तासांचं काम केलं'. दूरच्या विद्यार्थ्याचे आठवड्याचे १२ तास साधारण असे बसतात: वाचन ३, चित्रफिती १, सराव ४, थेट चर्चासत्र दीड, स्वाध्याय अडीच. हे आकडे प्रत्येक घटकाच्या पहिल्या पानावर छापा. नोकरी करणारा माणूस 'या आठवड्यात काय आहे' याआधी 'किती वेळ लागेल' हे पाहतो.

हिशेब मांडला की बहुतेक वेळा अभ्यासक्रम फुगलेला सापडतो. वर्गात वेळ संपला की शिक्षक दोन मुद्दे गाळून पुढे जातो आणि कोणाचं काही बिघडत नाही. कागदावर गाळणं होत नाही, सगळंच जातं. एखाद्या घटकाचं काम १८ तासांवर जात असेल तर तो फोडा किंवा छाटा.

स्वयं-अध्ययन साहित्य

हा सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात कमी लेखला जाणारा भाग. पाठ्यपुस्तक आणि वर्गातल्या टिपणांची जोडगोळी म्हणजे स्वयं-अध्ययन साहित्य नव्हे. एका घटकात हे असावं: घटक संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवू शकेल ते क्रियापदांत लिहिलेलं ('समजेल', 'ओळख होईल' ही क्रियापदं बाद), आधी काय येत असलं पाहिजे, तीन-चार पानांगणिक एक छोटं काम, त्या कामांची उत्तरं घटकाच्या शेवटी, आणि नेहमी होणाऱ्या चुका कारणांसह. उत्तरात नुसतं 'ब' छापू नका. 'अ' लिहिलं असेल तर काय गोंधळ झाला आणि कुठल्या पानावर परत जायचं, ते लिहा. वर्गात शिक्षक हेच करतो.

एक तासाच्या वाचनामागे लिहिणं, तपासणं आणि दुरुस्त्या मिळून १५ तास धरून चाला. २४ घटक × ३ तास वाचन × १५ = १,०८० तास. तिघांनी आठवड्याला प्रत्येकी १२ तास दिले तर ३० आठवडे. 'पुढच्या सत्रापासून सुरू करू' या घोषणा याच आकड्यावर आपटतात. सगळं तयार होईपर्यंत थांबता येत नसेल तर निदान पहिले १२ घटक पूर्ण छापून हातात असल्याशिवाय प्रवेश उघडू नका. आठवडाभर पुढे राहून लिहिणं दोन महिने निभतं, मग एक शिक्षक आजारी पडतो.

लिहिणारा आणि तपासणारा वेगळा ठेवा. आणि विषय न येणाऱ्या दोघांना घटक प्रत्यक्ष करायला बसवा, घड्याळ लावून. ते जिथे अडतील तिथे शिक्षकाला विचारण्याची सोय दूरच्या विद्यार्थ्याला नाही, तेवढीच जागा दुरुस्त करायची.

चित्रफिती

वर्गाचं पूर्ण चित्रण अपलोड करू नका. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतल्या लाखो पाहण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चित्रफीत कितीही लांब असली तरी मध्यक पाहणी (निम्मे जण त्याआधीच थांबतात तो क्षण) सहा मिनिटांच्या पुढे गेलेली दिसली नाही. आठवड्याचा एक तास म्हणजे सहा-नऊ मिनिटांच्या सात-आठ फिती. एका फितीत एकच गोष्ट, आणि ती कागदावर सांगता न येणारी: हाताची हालचाल, आकृती टप्प्याटप्प्याने उभी राहणं, आकडेमोड चालू असताना बोलून दाखवलेला विचार. व्याख्या वाचून दाखवण्यासाठी फीत काढणं म्हणजे विद्यार्थ्याचा डेटा जाळणं.

चित्र थोडं खराब असलं तर लोक सहन करतात, आवाज खराब असेल तर बंद करतात. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि रिकाम्या खोलीत घुमत असेल तर जाड पडदे. फोनवर पाहणाऱ्याचा विचार करून एका चौकटीत आठ-दहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको.

डेटाचा हिशेब हाताशी ठेवा. ७२० रेषांची (720p) फीत सेकंदाला दीड मेगाबिट धरली तर तासाला ६७५ मेगाबाइट होते. ३६० रेषांवर, अर्ध्या मेगाबिटने, २२५. नुसता आवाज ६४ किलोबिटने तासाला २९ मेगाबाइटच्या आत बसतो. म्हणून प्रत्येक फितीबरोबर ध्वनिफीत आणि आकृत्यांची पीडीएफ ठेवा, आणि उतरवून घेण्याची मुभा द्या. बोलणं लिहून दाखवणारे मथळेही (सबटायटल) द्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी ते हवेतच, पण गजबजलेल्या घरात अभ्यास करणाऱ्यालाही त्यांचाच आधार असतो.

थेट वर्ग करायचाच असेल तर

आठवड्यातलं एखादं सत्र थेट दाखवायला हरकत नाही, पण दोन माणसं लागतात. शिक्षक शिकवेल आणि सहायक पडद्यावरच्या लोकांकडे पाहील. दोन्ही एकाच माणसाने करायचं ठरवलं की पडद्यावरचे हात वर करून करून थकतात.

इंटरनेटची जोडणी वायरने घ्या. वर्गातून बाहेर जाणारा वेग सेकंदाला निदान तीन-चार मेगाबिट हवा. येणारा वेग मोजून समाधानी होतात आणि जाणारा बघतच नाहीत, ही नेहमीची चूक. फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून तपासलेला असावा. वर्गात किंकाळीसारखा आवाज येऊ लागला तर कारण बहुतेक वेळा एकच असतं: एकाच खोलीत दोन उपकरणं त्याच बैठकीत आहेत आणि एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतोय. नियम करा, खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर चालू, बाकी सगळे मुके.

आवाज पोहोचायला एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला की संभाषण अडखळतं, असं दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत म्हटलं आहे. त्यात माइक उघडायला जाणारा वेळ मिळवा. वर्गातला माणूस एका सेकंदात उत्तर देऊन टाकतो आणि दूरचा कायमच उशिरा पोहोचतो. उपाय साधा आहे. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि पहिलं उत्तर दूरच्यांपैकी एकाकडून घ्या. वर्गातल्याने प्रश्न विचारला तर तो माइकमध्ये परत म्हणूनच उत्तर द्या.

स्वाध्याय तपासणी: खरा खांब

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त टपाल सुरू झालं, आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. पण नुसते धडे पाठवण्यात विशेष काही नव्हतं. विद्यार्थ्यांनी करून पाठवलेला सराव तपासून परत जात होता, यामुळे ते शिक्षण झालं. आजही दूरस्थ अभ्यासक्रम जगतो की मरतो हे फितींच्या झगमगाटावर ठरत नाही. स्वाध्याय किती दिवसांत आणि काय लिहून परत येतो, त्यावर ठरतं.

आकडे पाहा. ६० विद्यार्थी × ६ स्वाध्याय × २५ मिनिटं = १५० तास. सरासरीने शिक्षकाला आठवड्याला जेमतेम दोन तास, म्हणून कोणी घाबरत नाही. पण हे काम सरासरीने येत नाही, लाटेने येतं. एका फेरीचे २५ तास, म्हणजे प्रत्येकाला आठ तासांहून थोडं जास्त, आणि तेही वर्गाची सत्रं सांभाळून दहा दिवसांत. वेळापत्रकात हे तास नावानिशी, तारखेनिशी अडवून ठेवले नाहीत तर वर्गातला समोरचा विद्यार्थी नेहमी जिंकतो आणि दूरच्याचा गठ्ठा मागे पडतो. तपासणीचे तास शिक्षकाच्या कामात मोजले गेले पाहिजेत आणि त्याचा मोबदलाही ठरलेला हवा. 'जमेल तेव्हा तपासा' या बोलीवर दहा दिवसांचे पाच आठवडे होतात, तोवर पुढचा स्वाध्याय त्याच चुका घेऊन लिहून झालेला असतो.

पहिला स्वाध्याय दुसऱ्या आठवड्यातच घ्या. एक पानाचा, सोपा, थोड्या गुणांचा. उद्देश गुण देण्याचा नसून सवय लावण्याचा आणि कोण अडखळतंय ते लवकर कळण्याचा आहे. तो पाच दिवसांत परत जावा. शेरा लिहिताना तीन गोष्टी पुरतात: काय जमलं, सगळ्यात मोठी एक चूक आणि तिचं कारण, पुढच्या वेळी नेमकं काय करायचं. लाल शाईने चौदा चुका दाखवलेला कागद कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

तिघं तपासणार असतील तर प्रत्येक फेरीआधी पाच उत्तरपत्रिका तिघांनीही वेगवेगळ्या तपासा. वीसपैकी दोनहून जास्त गुणांचा फरक पडला तर बसून बोला, निकष कागदावर दुरुस्त करा, मग बाकीचा गठ्ठा उघडा. आणि गठ्ठे मिसळा. वर्गातले आणि दूरचे असे वेगळे गठ्ठे ठेवले की ओळखीच्या अक्षराला नकळत सवलत मिळते.

परीक्षा

प्रमाणपत्र एकच द्यायचं तर प्रश्नपत्रिका, निकष आणि उत्तीर्णतेची रेषा एकच हवी. लेखी परीक्षा केंद्रावर बोलावून घेणं सगळ्यात स्वच्छ. ते शक्य नसेल तर कॅमेऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या प्रणालींवर भिस्त ठेवू नका. नजर हलली, दिवा कमी पडला, मागून कोणी गेलं की त्या निरपराध माणसालाही संशयित ठरवतात, आणि दुसरा फोन टेबलाखाली ठेवणाऱ्याला सोडतात. त्यापेक्षा पुस्तक उघडं ठेवून सोडवायची प्रश्नपत्रिका आणि तिच्यावरच १२ मिनिटांची तोंडी परीक्षा. ६० जणांचे १२ तास होतात, तिघांत प्रत्येकी चार. 'हे तुम्ही असं का केलंत' या एका प्रश्नात उत्तर कोणी लिहिलं ते कळतं.

हाताने करायच्या गोष्टी

जिथे चूक होता होता हात धरावा लागतो, किंवा चुकीने इजा होऊ शकते, तो भाग दूर पाठवू नका. त्यासाठी संपर्कसत्रं ठेवा. शेवटी एकदम सात दिवस बोलावण्यापेक्षा सहाव्या आठवड्यात तीन आणि अठराव्यात चार दिवस बरे. सहाव्यात चुकीच्या सवयी अजून मुरलेल्या नसतात, आणि एकमेकांचे चेहरे पाहिलेला गट पुढचे आठवडे टिकून राहतो. तारखा प्रवेशाच्या वेळीच जाहीर करा, रजा काढायला लोकांना महिने लागतात. या दिवसांत व्याख्यानं ठेवू नका. प्रवास करून आलेल्याला वाचता आलं असतं ते ऐकवणं हा त्याचा अपमान आहे. ओळखपत्र आणि चेहरा पडताळायचं कामही इथेच उरका.

गळती

गळती दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सुरू होते आणि शांतपणे होते. वर्गातली रिकामी खुर्ची दिसते, दूरच्याचं नसणं कोणाला दिसत नाही. दोन खुणा ठेवा: सात दिवस अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन प्रणालीत प्रवेश नाही, किंवा पहिला स्वाध्याय आला नाही. यातली एक जरी दिसली तरी ४८ तासांत फोन. सामूहिक स्मरणपत्रं कामाची नाहीत, ती ज्यांनी काम वेळेवर केलंय तेच वाचतात. फोनवर 'का नाही केलं' न विचारता 'कुठल्या पानावर अडलं' विचारा. मागे पडलेल्यासाठी आठव्या आणि सोळाव्या आठवड्यात नवीन मजकूर ठेवू नका, तो भरपाईचा आठवडा. वर्गालाही तो उजळणीला लागतोच.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी शिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये असं मांडलं. संवाद किती आहे आणि रचना किती ताठर आहे यावर ते ठरतं. त्या हिशेबाने दोनशे जणांच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेला विद्यार्थी, दहा दिवसांत शेरा मिळणाऱ्या दूरच्या विद्यार्थ्यापेक्षा लांब असतो.

कागदपत्रं आणि प्रणाली

प्रवेश देण्याआधी मान्यता देणाऱ्या यंत्रणेकडून दूरस्थ पद्धतीसाठी लेखी परवानगी घ्या. वर्गासाठी मिळालेली मान्यता दूरस्थला आपोआप लागू होते असं गृहीत धरू नका. काही व्यवसायांच्या नोंदणीला दूरस्थ पात्रता चालत नाही, ते माहितीपत्रकात पहिल्या पानावर लिहा. वर्गात वाटलेली पुस्तकाची पानं तशीच ऑनलाइन चढवायचा हक्क तुमच्याकडे असेलच असं नाही. फितीचा मालक शिक्षक की संस्था, आणि शिक्षक सोडून गेल्यावर ती वापरायची का, हे करारात आधीच असू द्या. वर्गातल्या विद्यार्थ्यांचे चेहरे चित्रणात येत असतील तर त्यांची संमती घ्या.

नोंदवही एकच ठेवा आणि 'वर्ग' की 'दूरस्थ' हा त्यातला फक्त एक रकाना असू द्या. दोन वह्या झाल्या की दोन दर्जे होतात. वाट बदलायची मुभा प्रत्येकाला एकदा द्या, आठव्या आठवड्यापर्यंत. दोन्हीकडचं आठवड्याचं वेळापत्रक एकच असेल तरच हे जमतं. ऑनलाइन प्रणाली म्हणून मूडल हे अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर पुरतं. ते २००२ पासून आहे, मुक्त-स्रोत आहे, आणि संपूर्ण अभ्यासक्रमाची प्रत काढून ठेवता येते. ती प्रत दर आठवड्याला वेगळ्या जागी ठेवा. छापील साहित्य सुरुवातीच्या तीन आठवडे आधी रवाना व्हावं. मदतीचा फोन संध्याकाळी चालू हवा, दूरचे लोक दिवसा कामावर असतात.

पहिली तुकडी ६० ची घेऊ नका. १५ ते २० जण घ्या, साहित्यातल्या चुका तेवढ्यांतही सगळ्या सापडतात आणि तपासणीची एक फेरी साडेआठ तासांच्या आत उरकते. दर घटकाला प्रत्यक्ष किती तास लागले ते त्यांच्याकडून लिहून घ्या. बारापेक्षा तीन तास जास्त लागलेला घटक पुन्हा लिहायचा. आणि मोठ्या तुकडीची जाहिरात चौथा स्वाध्याय दहा दिवसांच्या आत सगळ्यांना परत गेल्यावरच काढा.